वर्षातून दोनदा लिहिणाऱ्यांसाठी

मी सांगलीत भूगोल शिकवते आणि माझा अभ्यासाचा विषय कृष्णेचा पूर. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी आमच्या शहराचं बोलणंच बदलून टाकलं. जून लागला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी, कोयना धरणाचा विसर्ग, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा (धरणामुळे नदीत मागे तुंबणारं पाणी) हे विषय इथे किराणा दुकानातही निघतात. पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीसवर धोका, हे इथल्या शाळेतल्या मुलांनाही सांगता येतं. साहजिकच या विषयावर लिहिलंही खूप जातं. पण त्या ढिगात ज्यांचं खरोखर वाचायला हवं, ती माणसं फार थोडं लिहितात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एखादा अभियंता, नदीकाठच्या गाळावर काम करणारी एखादी संशोधक, जुन्या पूरखुणांच्या नोंदी गोळा करणारा एखादा हौशी माणूस. यांचं लिखाण वर्षातून दोन-तीनदा येतं आणि आल्याचं कुणाला कळतही नाही. ते सुटू नये म्हणून मी माझं सगळं ऑनलाइन वाचन नव्याने लावून घेतलं. कुणाला त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निमित्त झालं पॉकेटचं. 'नंतर वाचू' म्हणून लेख साठवून ठेवायची ही सेवा मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. बंद होण्याआधी साठवलेल्या लेखांची यादी उतरवून घ्यायची सोय होती, ती मी घेतली. यादी उघडून बघितल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मोठ्या वृत्तपत्रांचे लेख तिच्यात भरपूर होते, आणि ज्या थोड्या लोकांच्या लेखनावर मी वर्गात बोलते, त्यांचं जवळजवळ काहीच नव्हतं. कारण उघड आहे. साठवायला आधी समोर यावं लागतं, आणि समोर काय आणायचं हे फेसबुक किंवा यूट्यूब ठरवतं. जो रोज लिहितो तो वर राहतो आणि जो वर्षातून दोनदा लिहितो तो तळाला जातो. म्हणून मी पुन्हा फीडकडे, म्हणजे संकेतस्थळावर नवीन काय आलं हे आपोआप कळवणाऱ्या सोयीकडे, वळले.

पुन्हा म्हणायचं कारण, फीड वाचायचा गूगल रीडर मी वापरलेला आहे. तो ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाला आणि १ जुलै २०१३ ला बंद झाला. त्या काळात मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांची एक मोठी फळी होती, आणि कुणी नवीन काय लिहिलं हे आम्हाला तिथेच कळायचं. रीडर बंद झाल्यावर फीडही संपल्या असं अनेकांना वाटलं. तसं झालेलं नाही. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेसवरचा बहुतेक प्रत्येक मराठी ब्लॉग आजही फीड देतो. लिहिणाऱ्याला स्वतःला ते ठाऊक नसलं तरी देतो.

ज्यांनी ही भानगड कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संकेतस्थळावर माणसांनी वाचायची पानं असतात, तशीच यंत्राने वाचायची एक साधी फाइल असते. ताज्या लेखांची शीर्षकं, तारखा, दुवे आणि बऱ्याचदा अख्खा मजकूर तिच्यात असतो. या फाइलला म्हणायचं फीड. फीड रीडर हे ॲप ठरावीक वेळाने जाऊन ती फाइल बघून येतं आणि नवीन काही असेल तर तुमच्यापुढे ठेवतं. तुमचा ईमेल पत्ता लेखकाला द्यावा लागत नाही आणि काय आधी दाखवायचं हे मधला कुणी ठरवत नाही. १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत याची पहिली आवृत्ती तयार झाली. ती करणाऱ्या दोघांतले एक होते आयआयटी मद्रासमधून शिकून गेलेले रामनाथन गुहा. इतकी जुनी आणि इतकी साधी गोष्ट असल्यामुळेच ती टिकून आहे, असं मला मनापासून वाटतं.

रीडर निवडताना माझ्या तीनच अटी होत्या. फोनवर वाचलेलं संगणकावरही वाचलेलं दिसावं, देवनागरी अक्षर मोठं करता यावं, आणि माझी यादी कधीही बाहेर काढून दुसरीकडे नेता यावी. फीडली पाहिला, थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्येही फीड वाचता येतात ते पाहिलं, आणि शेवटी इनोरीडर घेतला, कारण त्यातली गाळणी, म्हणजे ठरावीक शब्द असलेलंच पुढे आणायची सोय, चांगली आहे. गाळणीसाठी पैसे भरावे लागतात. मी भरते. ज्याला स्वतःच्या सर्व्हरवर काही बसवता येतं त्याने फ्रेशआरएसएस बघावा. तो मुक्त स्रोत आहे. बाकी कुठला रीडर चांगला यावर फार डोकं झिजवू नये. यादी हातात असली की रीडर केव्हाही बदलता येतो.

फीड शोधायचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. बहुतेक रीडरमध्ये संकेतस्थळाचा नुसता पत्ता टाकला तरी तो फीड हुडकून काढतो. नाही सापडली तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहायचं. सबस्टॅक या न्यूजलेटर सेवेलाही तेच चालतं. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला फीड असते आणि तिच्यात शेवटचे पंधरा व्हिडिओ येतात, म्हणजे जलतज्ज्ञांची व्याख्यानं यूट्यूबच्या मुख्य पानावर पाऊल न टाकता कळतात. मला सगळ्यात उपयोगी पडलेली फीड मात्र विकिपीडियाची. तिथे प्रत्येक लेखाच्या इतिहासाच्या पानाला स्वतःची फीड असते. कृष्णा, कोयना आणि अलमट्टीवरच्या लेखांच्या इतिहासाची फीड मी घेतली आहे. कुणी आकडा बदलला की मला दिसतं, आणि चुकीचा बदल असेल तर मी संदर्भ देऊन दुरुस्त करते. माझे विद्यार्थी पहिली माहिती तिथूनच घेतात, त्यामुळे हे काम मी कर्तव्य म्हणून करते.

काही ठिकाणी फीड नाहीच. धरणसाठ्याचे रोजचे तक्ते पीडीएफमध्ये चढवले जातात आणि कालच्या तक्त्याच्या जागी आजचा येऊन बसतो. तिथे मी पावसाळ्यात रोज स्वतः जाते आणि तक्ता उतरवून ठेवते. याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी सगळंच यादीत घातलं: दैनिकं, साप्ताहिकं, सरकारी प्रसिद्धिपत्रकं, संस्था, ब्लॉग. एका दैनिकाची फीड दिवसाला शेकड्याने बातम्या आणते. तिच्या शेजारी वर्षातून दोनदा येणारा लेख ठेवला की तो पहिल्याच संध्याकाळी खाली ढकलला जातो, म्हणजे फेसबुकवर जे होत होतं तेच माझ्या घरात होऊ लागतं. तेव्हा मी दैनिकं यादीतून काढली. वर्तमानपत्र मी वर्तमानपत्राच्या जागी वाचते, सकाळी, कागदावर. फीड रीडर ठेवला तो फक्त क्वचित लिहिणाऱ्यांसाठी. एखादी फीड घ्यायची का, याची माझी कसोटी आता एकच आहे: मी स्वतः जाऊन बघायला विसरेन इतक्या अंतराने हा माणूस लिहितो का? उत्तर 'हो' असेल तर घ्यायची. रोज लिहिणाऱ्याला माझ्या रीडरची गरज नाही.

ही कसोटी लावल्यावर यादी एकदम शांत झाली. 'क्वचित' नावाच्या कप्प्यात बरेच दिवस काहीच येत नाही, आणि ते तसंच हवं. 'साप्ताहिक' कप्प्यात साउथ एशिया नेटवर्क ऑन डॅम्स, रिव्हर्स अँड पीपल या संस्थेचं नद्यांविषयीचं बुलेटिन येतं, मोंगाबे इंडिया या पर्यावरणविषयक संकेतस्थळाचे लेख येतात. न वाचलेल्यांचा आकडा मी 'क्वचित' सोडून सगळीकडे लपवला आहे. 'क्वचित'मध्ये तो दिसतो, आणि तिथे एक आकडा दिसला की मी हातातलं काम बाजूला ठेवून वाचते.

याचा अर्थ मला एका सकाळी नीट कळला. एका निवृत्त अभियंत्याचा ब्लॉग माझ्या यादीत आहे. साधा, ब्लॉगस्पॉटवरचा, मराठीत, चित्रं नाहीत. कित्येक महिने तिथे काही नव्हतं; दुसऱ्या कुणी ब्लॉग मेला म्हणून यादीतून काढला असता. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची चर्चा पुन्हा पेटली आणि वाहिन्यांवर रोज त्याच त्याच घोषणा ऐकू येऊ लागल्या, त्या दिवसांत त्यांचा लेख आला. नदीचा उतार, पात्राची रुंदी, मधले पूल आणि बंधारे, फुगवटा कुठवर येऊ शकतो याचं गणित, सगळं पायरीपायरीने मांडलेलं. गृहीतकं कुठली धरली आणि ती कुठे कच्ची आहेत हेसुद्धा लिहिलेलं. मी तो लेख छापून वर्गात नेला आणि मुलांनी त्यातलं गणित फळ्यावर करून बघितलं. तो लेख कुठल्याही व्हॉट्सॲप गटात फिरला नाही. फीड नसती तर मला तो मिळाला नसता.

दैनिकं काढली म्हटलं तरी स्थानिक बातम्यांना एक वाट ठेवावी लागली, कारण काही बारीक गोष्टी, म्हणजे कुठल्या गावाचा रस्ता पाण्याखाली गेला, कुठे किती कुटुंबं हलवली, या फक्त जिल्हा पानावर येतात. त्या फीड मी गाळणीतून घेते: शीर्षकात ठरावीक शब्द असतील तरच बातमी पुढे येते. हे काम मराठीत करताना वेळ लागला आणि त्याबद्दल कुठे लिहिलेलं मला मिळालं नाही, म्हणून इथे लिहिते. गाळणी अक्षरं जुळवते, व्याकरण तिला ठाऊक नसतं. 'पूर' हा शब्द दिला तर कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, जयसिंगपूर, आणि वर 'भरपूर' असलेली प्रत्येक बातमी आत येते. उलट 'पुरामुळे', 'पुराच्या', 'पुरात' यांतलं काहीच येत नाही, कारण विभक्ती लागली की दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. बरं, 'पुरा' द्यावा तर कोल्हापुरातल्या सभा, न्यायालयातले पुरावे आणि पुरातत्त्व खातं आत शिरतं. शेवटी मी सामासिक आणि पुरेसे लांब शब्द निवडले: महापूर, महापुरा, पुरामुळे, पूररेषा, पूरस्थिती, पूरग्रस्त, पाणीपातळी, विसर्ग, फुगवटा, आयर्विन. अलमट्टी आणि आलमट्टी ही दोन्ही रूपं घातली, कारण दोन्ही छापली जातात.

याहून चिवट अडचण 'खोऱ्यात' या शब्दाची. कृष्णा खोऱ्यातली बातमी कधी गाळणीत सापडायची, कधी नाही, आणि शब्द तर डोळ्यांना तोच दिसायचा. तो ऱ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. कळफलकानुसार यातली कुठलीतरी एक उमटते आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मी बातमीतून तो शब्द दोन्ही प्रकारे उचलून गाळणीत चिकटवला, तेव्हा प्रश्न सुटला. ज्यांना मराठीत गाळणी लावायची आहे त्यांनी 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द स्वतः टंकू नयेत, ऑनलाइन बातमीतून उचलावेत आणि दोन्ही रूपं घालावीत.

न्यूजलेटरांचं प्रकरण वेगळं. पाणी, हवामान, शेती या विषयांवर आता बरंच चांगलं लेखन ईमेलने येतं, आणि विद्यापीठाची पत्रं, मुलांचे प्रकल्प, बँकेच्या सूचना यांच्या मधे येऊन पडतं. तिथे वाचन होत नाही. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह देऊन एखादा शब्द जोडला तरी पत्र आपल्यालाच येतं, ही सोय मी आधी वापरली. नावापुढे इंग्रजी अक्षरांत 'वाचन' जोडून तोच पत्ता सगळ्या न्यूजलेटरांना दिला आणि त्या पत्त्यावर आलेलं पत्र इनबॉक्समध्ये न येता सरळ वेगळ्या लेबलखाली जावं असा फिल्टर लावला. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ज्यांना फीड रीडर नको आहे त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

मला सगळं एकाच ठिकाणी हवं होतं. सबस्टॅकवरच्या न्यूजलेटरांची फीड मिळतेच. ज्यांची मिळत नाही त्यांच्यासाठी 'किल द न्यूजलेटर' नावाची मोफत सेवा आहे. तिथे न्यूजलेटरचं नाव टाकलं की एक नवा ईमेल पत्ता आणि एक फीड मिळते. त्या पत्त्याने वर्गणी नोंदवायची. नोंदणी पक्की करणारं पत्रसुद्धा फीडमध्येच येतं, त्यातला दुवा दाबायचा. त्यानंतर ती पत्रं लेख म्हणून रीडरमध्ये येत राहतात. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. ती फीड कुणाला द्यायची नाही, कारण ज्याच्या हाती ती पडेल तो तुमची वर्गणी रद्द करू शकतो. आणि पैसे भरून घेतलेली न्यूजलेटरं या वाटेने आणायची नाहीत. ती आपल्या खऱ्या पत्त्यावरच यावीत. लेखकाने आपल्याला विश्वासाने पाठवलेला मजकूर तिसऱ्याच्या दारातून फिरवणं मला पटत नाही.

रीडर लावून झाल्यावर मिरजेच्या मामांनी त्यांच्यासाठीही असं काहीतरी कर म्हणून सांगितलं. मामा पाटबंधारे खात्यात होते, आता फोनवर दिवसभर पुराचे फॉरवर्ड वाचतात आणि त्यातल्या चुकांवर चिडतात. त्यांना खातं, पासवर्ड असलं काही नको होतं. अँड्रॉइडवर फीडर नावाचं एक मोफत ॲप आहे. त्यात खातं उघडावं लागत नाही, यादी फोनमध्येच राहते. ते बसवलं, अक्षर मोठं केलं आणि माझ्या 'क्वचित' कप्प्यातल्या निवडक फीड त्यात घातल्या. मामांनी चष्मा पुसला, पडदा वरखाली करून बघितला.

"अगं, पण यात आज नवीन काहीच नाही."

"नाही ना, मामा. कुणी लिहिलंच नाही आज."

"मग हे रोज जाऊन बघतंय काय?"

"लिहिलंय का तेच बघतं. असलं तर आणतं, नसलं तर गप्प."

मामा जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे आमच्या पर्जन्यमापकासारखं. पाऊस पडो न पडो, सकाळी जाऊन नोंद करायचीच. शून्य असलं तर शून्य लिहायचं." मी मुलांना फीड म्हणजे काय हे आता असंच सांगते. मामांनी लगेच पुढचं काम दिलं: "कर्नाटकातली माणसं अलमट्टीबद्दल काय लिहितात तेही घाल. एकाच काठावरचं वाचून कसं भागेल?" मामांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. काही कानडी फीड आता माझ्याही यादीत आहेत. रीडरमधून लेख ब्राउझरमध्ये उघडून भाषांतर करून वाचते, आणि नेमका शब्द अडला की मामांना विचारते. त्यांची नोकरीतली बरीच वर्षं सीमाभागात गेली आहेत.

शोधनिबंधांसाठी मी झोटेरो हा संदर्भ साठवायचा प्रोग्रॅम वापरते, त्यातही फीड घेता येतात आणि आवडलेला निबंध संदर्भासकट संग्रहात टाकता येतो. रीडरमध्ये एखाद्या लेखाला तारा लावला की तो आपल्याकडे राहिला असं वाटतं, पण राहतो तो फक्त दुवा. मराठी संकेतस्थळांवरचे जुने दुवे फार लवकर मरतात. २००५ च्या पुराच्या वेळी ऑनलाइन आलेल्या किती बातम्या आज उघडत नाहीत हे बघून जीव तुटतो. म्हणून ज्या लेखाचा मला पुढे आधार घ्यायचा आहे त्याची प्रत मी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ठेवते आणि एक पीडीएफ घरच्या संगणकावर. वैयक्तिक ब्लॉगच्या बाबतीत तर हे नक्की करते. लिहिणारा माणूस वयस्कर असतो, आणि त्याच्यामागे तो ब्लॉग कुणी सांभाळेल याची खात्री नसते.

सगळ्या यादीची एक फाइल निघते, तिला ओपीएमएल म्हणतात. जवळजवळ प्रत्येक रीडर ती देतो आणि घेतो. नोटपॅडमध्ये उघडली तर एकेका ओळीत एकेक नाव आणि त्याचा पत्ता दिसतो, कप्पेसुद्धा तसेच राहतात. दर महिन्याला मी ती उतरवून ठेवते. पुरावर प्रकल्प करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना या वर्षी पुस्तकांच्या यादीबरोबर तीही फाइल दिली. रीडरमध्ये ती चढवली की एका झटक्यात सगळे कप्पे भरतात. त्यातल्या एका मुलीने महिनाभराने तिची स्वतःची फाइल मला परत पाठवली. माझ्यातल्या निम्म्या फीड तिने काढल्या होत्या आणि मला ठाऊक नसलेल्या काही घातल्या होत्या; त्यांत शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं यूट्यूब चॅनेल होतं, पूर ओसरल्यावर उसाच्या रानात किती गाळ बसला ते तो दरवेळी फूटपट्टी लावून दाखवतो. ते चॅनेल मी त्याच दिवशी 'क्वचित'मध्ये टाकलं.